कॉलेजच्या रेडिओवर आंदोलनाचा एपिसोड करायचाय? मग आधी बातमी डोक्यातून काढा

दरवर्षी नवीन बॅच येते आणि दरवर्षी त्यातल्या चारपाच जणांना हेच करायचं असतं. पुण्यातल्या अलका चौकात पोरं आंदोलनाला बसलीत, चला रेकॉर्डर उचला, आज रात्रीच लावू. उत्साह एक नंबर, पण ते लागत नाही, आणि का लागत नाही हे कुणी नीट सांगत नाही, मग "आपलं स्टेशनच घाबरट आहे" म्हणून पोरं वैतागून सोडून जातात. म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं लिहून टाकावं, म्हणजे पुढच्या बॅचला नुसती लिंक पाठवता येईल.

तर पहिली गोष्ट. कॉलेजचं स्टेशन कम्युनिटी रेडिओत धरतात, म्हणजे आसपासच्या परिसरापुरता, संस्थेने चालवलेला छोटा रेडिओ. आणि कम्युनिटी रेडिओला बातम्या आणि चालू घडामोडींचे कार्यक्रम करायची परवानगी नाहीये, राजकीय स्वरूपाचं पण काही चालत नाही. हा तुमच्या प्राचार्यांचा नियम नाही, केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांतच तसं आहे आणि लायसन्स त्या अटीवरच मिळतं. आकाशवाणीच्या बातम्या आहे तशा किंवा स्थानिक भाषेत करून लावता येतात, बाकी ट्रॅफिक, हवामान, परीक्षा आणि निकाल, अ‍ॅडमिशन, नोकरीच्या जागा, सांस्कृतिक कार्यक्रम, पाणी-वीज बंदच्या सूचना, आरोग्याचे इशारे हे सगळं बातमीत धरत नाहीत. म्हणजे गंमत बघा, परीक्षा कधी आहे ते सांगता येतं, पण परीक्षा पुढे ढकलली म्हणून रस्त्यावर काय झालं ते "आत्ता इथे काय चाललंय" या पद्धतीने सांगता येत नाही.

माझं मत विचाराल तर ही बंदी आता निव्वळ हास्यास्पद आहे. ज्या पोराच्या खिशातल्या फोनवर आंदोलनाचे वीस व्हिडिओ येऊन पडलेत त्याला शंभर वॅटच्या ट्रान्समीटरवरनं काय असं कळणार आहे जे कळायला नको? सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितलं होतं की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यानंतर २००२ च्या शेवटी सरकारने शिक्षणसंस्थांना परवानगी द्यायचं ठरवलं, २००४ मध्ये चेन्नईत अण्णा विद्यापीठाचं अण्णा एफएम सुरू झालं, ते देशातलं पहिलं कॅम्पस रेडिओ, आणि २००६ मध्ये सामाजिक संस्थांनाही दार उघडलं. दार उघडलं खरं पण बातमी उंबऱ्याबाहेरच राहिली. आपल्या पुण्यात विद्यापीठाचं विद्यावाणी १०७.४ वर, एफटीआयआयचं म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटचं ९०.४ वर, दोन्हीकडे शिकणारी पोरं काम करतात, आणि दोन्हीकडे हाच नियम.

पण त्यावरून स्टेशन मॅनेजरशी भांडू नका, त्या माणसाच्या हातात काही नाही, लायसन्स संस्थेच्या नावावर असतं आणि जे काही हवेत जाईल त्याची जबाबदारी पण संस्थेवरच येते. आणि खरं सांगू का, बातमी करायला मिळत नाही म्हणून जे करावं लागतं ते बातमीपेक्षा जास्त टिकतं. कसं ते सांगते.

बातमीचा प्रश्न आणि आपला प्रश्न

एमपीएससीचं उदाहरण घेऊ, कारण पुण्यात आंदोलन म्हटलं की पहिलं तेच. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुढे ढकलली, नवी पेठेत शास्त्री रोडवर पोरं उतरली. २०२३ मध्ये नवीन वर्णनात्मक पॅटर्न लगेच नको, २०२५ पासून आणा म्हणून अलका चौकात बसली आणि आयोगाला ते मान्य करावं लागलं. ऑगस्ट २०२४ मध्ये एमपीएससी आणि आयबीपीएसची (बँक भरतीची) परीक्षा एकाच दिवशी आली म्हणून परत रस्त्यावर.

बातमीवाला विचारणार: किती जण होते, मागणी काय, सरकार काय म्हणालं, कोण नेता येऊन गेला. हे चारही प्रश्न तुम्ही सोडून द्या, ते टीव्हीवाले विचारतात आणि संध्याकाळपर्यंत शिळे पण होतात. तुमचा प्रश्न असा पाहिजे: परीक्षा तीन आठवडे पुढे गेली म्हणजे एका पोराच्या आयुष्यात नक्की काय पुढे जातं? कॉटचं (खोलीतल्या एका खाटेच्या जागेचं) भाडं वाढतं, अभ्यासिकेची फी परत एक महिना, मेसवाल्या काकांना उधारी सांगावी लागते, वयोमर्यादेचं शेवटचं वर्ष असेल तर पोटात गोळा. घरी बहिणीचं लग्न ठरवायचं थांबलंय कारण "याचं आधी काहीतरी होऊ दे". हे विचारलं की एपिसोड आपोआप बातमीच्या बाहेर जातो आणि तरी आंदोलन का झालं ते ऐकणाऱ्याला पूर्ण कळतं. आयोग चूक की बरोबर यावर तुम्हाला एक वाक्य बोलायची गरज पडत नाही.

असंच टेकडीचं. २०२३ च्या एप्रिलमध्ये वेताळ टेकडी वाचवा म्हणून केवढी लोकं चालत निघाली होती, बालभारती-पौड फाटा रस्त्याच्या विरोधात. आता त्या रस्त्याचं पुढे काय हा झाला चालू घडामोडीचा विषय, त्यात पडू नका. पण रोज पहाटे टेकडीवर जाणारी मुलगी पहिल्यांदा मोर्चात चालली तेव्हा तिला काय वाटलं, तिच्या सोसायटीत कोण तिच्याशी बोलेनासं झालं, रोज पौड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकणारा तिचाच वर्गमित्र तिला काय म्हणाला, हा कार्यक्रम आहे. दोघांना समोरासमोर बसवा, पंधरा मिनिटं कुठे गेली कळणार नाहीत.

आणि एक सोपी वाट सांगते जी कुणी घेत नाही: जुनी आंदोलनं. त्यात चालू घडामोडीचा प्रश्नच येत नाही. पुण्यात तर दर चौकात काहीतरी झालेलंय. भिडे वाड्यातली १८४८ ची मुलींची शाळा आणि त्यासाठी सावित्रीबाईंनी झेललेलं शेण, हमाल पंचायत आणि बाबा आढावांची "एक गाव एक पाणवठा" चळवळ, कचरावेचकांनी १९९३ मध्ये उभी केलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, एफटीआयआयचा २०१५ चा १३९ दिवसांचा संप. ओंकारेश्वरजवळच्या ज्या पुलावर २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. दाभोलकरांचा खून झाला तिथे दर २० ऑगस्टला सकाळी कार्यकर्ते जमतात, त्यात आता अशी पोरं पण असतात जी तेव्हा बालवाडीत होती. त्यांना विचारा ना तुम्ही का येता. "कष्टाची भाकर"मध्ये रोज जेवणाऱ्या किती पोरांना माहितीये की ती हमाल पंचायतीची आहे? तिथूनच सुरू करा, ताटावरनं आंदोलनाकडे.

कुणाचा आवाज घ्यायचा

पुढे माईक घेऊन उभा आहे त्याचा घेऊ नका. त्याचं भाषण पाठ आहे, ते सगळीकडे लागणार आहे, आणि त्याचा एखाद्या पक्षाशी संबंध निघाला की तुमचा अख्खा एपिसोड गेला. तुम्ही मागे जा. मागे बसलेले, घोषणेला हात वर करतात पण तोंड उघडत नाहीत ते, चपला काढून पेपर अंथरून बसलेले, त्यांच्याशी बोला. मग जे आलेच नाहीत त्यांच्याशी बोला, हा भाग नेहमी राहून जातो. होस्टेलचं गेट लवकर बंद होतं म्हणून न आलेली मुलगी, क्लासचे पैसे भरलेत लेक्चर बुडवून कसं चालेल म्हणणारा, "असल्याने काही होत नाही" म्हणणारी, समोरच्या अमृततुल्यचे काका ज्यांचा धंदा त्या दिवशी एकतर डबल झाला नाहीतर शटरच ओढावं लागलं. आंदोलनाला विरोध असणारा किमान एक आवाज पाहिजेच. बॅलन्स दाखवायला म्हणून नव्हे हो, तर त्यामुळे बाजूने बोलणाऱ्यांची पोपटपंची थांबते, त्यांना खरं उत्तर द्यावं लागतं.

मुलींचे आवाज मुद्दाम शोधावे लागतात. कॅमेरा लांबनं बघूनच त्या बाजूला होतात, घरी कळेल म्हणून. रेडिओत तोंड दिसत नाही हे त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा, निम्म्या तिथेच तयार होतात. हा आपल्या माध्यमाचा एकमेव मोठा फायदा आहे आणि आपण तो वापरतच नाही.

आणि बोली बदलू नका प्लीज. जालन्याहून, नांदेडहून, धुळ्याहून आलेला पोरगा माईक बघितला की एकदम "मी आपणांस सांगू इच्छितो" सुरू करतो, त्याला थांबवा, चहा पाजा, गावाकडच्या मित्राला फोनवर सांगतोस तसं सांग म्हणा. पुण्यातल्या लोकांनी जरा बाहेरची मराठी ऐकली तर बिघडत नाही काही. तसंही कम्युनिटी रेडिओच्या नियमात निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक समाजाच्या सहभागातून झाला पाहिजे असं आहे, आणि पेठेतल्या कॉटवर सहा सहा वर्षं काढणारी पोरं स्थानिक समाज नाहीत तर कोण आहेत!

जाताना

सामान फार लागत नाही. स्टेशनचा रेकॉर्डर मिळाला तर उत्तम, नाहीतर फोन आणि एक वायरवाला कॉलर माईक बास. फोन फ्लाइट मोडवर टाका नाहीतर नेमकं महत्त्वाच्या वाक्याला आईचा कॉल येणार. रेकॉर्डिंग वेव्ह (.wav) फॉरमॅटमध्ये करा, एमपीथ्री शेवटी करायचं असतं. कानात वायरवाला हेडफोन पाहिजेच, जे तुम्ही ऐकताय ते रेकॉर्ड होतंय का ते दुसऱ्या कशाने कळत नाही. वाऱ्यासाठी माईकला स्पंज, नसेल तर सुती रुमाल दोन पदरी करून बांधा, टेकडीवर याच्याशिवाय जाऊच नका. माईक तोंडापासून एक वीत, समोर न धरता जरा हनुवटीच्या बाजूला, म्हणजे प आणि फ फटाफट फुटत नाहीत.

रेकॉर्डिंगची लेव्हल कमी ठेवा. घोषणा सुरू झाली की आवाज एकदम चढतो, आणि एकदा फाटलेला आवाज नंतर कशानेही शिवता येत नाही. बोलणं रेकॉर्डरच्या मीटरवर साधारण उणे बारा डेसिबलच्या आसपास नाचतंय असं बघा, घोषणांसाठी अजून खाली घ्या.

मुलाखत गर्दीत करू नका. तिथनं दोन गल्ल्या आत जा, सदाशिव पेठेत वाड्याचे बोळ कशासाठी आहेत. पार्किंग पण चांगलं, फक्त वर स्लॅब असेल तर घुमतं. गर्दीचा आवाज वेगळा घ्यायचा, किमान दोन मिनिटं सलग, कुणी न बोलता, आणि एकाच जागी उभं राहून. तो नंतर खाली हळू लावायचा असतो. असेच बाकीचे आवाज पण गोळा करा: मेसमध्ये ताटं आपटतात तो आवाज, अभ्यासिकेतला पंखा आणि मधेच कुणीतरी पान उलटतं ते, पहाटे पहिल्या पीएमपी बसचा ब्रेक, कॉटखालनं ट्रंक ओढल्याचा आवाज. अभ्यासिकेतली शांतता रेकॉर्ड करून आणा एकदा, शंभर माणसं एका खोलीत गप्प बसलीत हे ऐकायला फार विचित्र लागतं, घोषणेच्या लगेच पुढे ती लावली की अंगावर येते.

माईक कधीही दुसऱ्याच्या हातात देऊ नका. दिला की भाषण. तुमच्या हातात असला की प्रश्न विचारायला तुम्ही तो मागे ओढू शकता.

कॉलेजचं आयकार्ड गळ्यात नाही तरी खिशात ठेवा. तुम्ही पत्रकार नाही, तुमच्याकडे प्रेसचं कार्ड नाही, तेव्हा बंदोबस्तावरच्या पोलिसांनी बाजूला व्हायला सांगितलं तर व्हा, वाद घालायला दुसरे आहेत. जमावबंदीचा आदेश लागू आहे का ते आधी बघून जा, पुण्यात सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली असे आदेश निघत असतात. एकट्याने जायचं नाही, कायम दोघं, एक बोलणारा एक आजूबाजूला बघणारा.

परवानगी, नाव आणि पोलीस व्हेरिफिकेशन

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि सगळ्यात जास्त टाळला जातो, म्हणून सावकाश वाचा.

जो पोरगा तुमच्याशी बोलतोय त्याला सरकारी नोकरी पाहिजे. सरकारी नोकरीच्या आधी चारित्र्य पडताळणी होते, गुन्हा दाखल आहे का विचारतात. त्याच्यावर काही नसलं तरी आपला आवाज कुठेतरी राहील ही भीती त्याला असते आणि ती भीती बिनबुडाची आहे असं तुम्ही ठरवायचं नाही. म्हणून रेकॉर्डिंग सुरू केल्यावर पहिलं वाक्य तुमचं: मी अमुक स्टेशनवरनं आलेय, हे रेडिओवर आणि नंतर ऑनलाइन पण ऐकता येईल, नाव लावू का, नको असेल तर नको, मधे कुठलाही भाग काढायचा वाटला तर प्रसारणाच्या आधी सांग. आणि त्याचं "हो" रेकॉर्डिंगवरच घ्या. कागदावर सह्या घ्यायला गेलात तर पोरं बिचकतात, आवाजातली परवानगी बरी, अर्थात स्टेशनचा फॉर्म असेल तर तो भरावाच लागेल. अठराच्या आतलं कुणी असेल तर पालकांना विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही.

"ऑनलाइन पण" हे शब्द गाळू नका. हवेतला आवाज पाचदहा किलोमीटरवर संपतो, ऑनलाइनचा संपत नाही.

नाव नको असेल तर नुसतं नाव काढून भागत नाही. "सेलू तालुक्यातला, वडील ग्रामपंचायतीत शिपाई, चौथा अटेम्प्ट, अमुक मेसला जेवतो" एवढं सांगितलंत तर त्याच्या गावात पाच मिनिटांत कळतं कोण ते. तालुका काढा, जिल्हा ठेवा, किंवा नुसतं मराठवाडा म्हणा. आवाज बारीक-जाड करायचं सॉफ्टवेअर वापरू नका, एक तर तो माणूस क्राइम शोमधल्या आरोपीसारखा ऐकू येतो आणि दुसरं म्हणजे ओळखीच्याला तरीही कळतो. त्यापेक्षा त्याचे शब्द दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या, आणि हे वाचलेलं आहे असं निवेदनात स्पष्ट सांगा. नाटकातली पोरं मिळतात पुण्यात ढिगाने, फक्त त्यांना अ‍ॅक्टिंग करू देऊ नका.

प्रसारित झालेला कार्यक्रम तीन महिने स्टेशनला जपून ठेवावा लागतो, नियमच आहे. पण कच्चं रेकॉर्डिंग, ज्यात खरं नाव आहे, ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "एडिटसाठी" म्हणून फिरवू नका. एकाच्याच लॅपटॉपवर, आणि काम झालं की उडवा.

प्रश्न

लांबलचक नको. "आजच्या युवा पिढीला सामाजिक परिवर्तनाबद्दल काय वाटतं" असल्या प्रश्नाला वक्तृत्व स्पर्धेचंच उत्तर मिळणार, तुम्ही तसं विचारलंत तर त्याची काय चूक.

आमच्या ग्रुपने एकदा एका मुलाला विचारलं होतं, आंदोलनाला गेलास ते घरी सांगितलंस का. वय अठ्ठावीस-एकोणतीस, तोपर्यंत आकडेवारी, आरक्षण, आयोगाची परिपत्रकं सगळं धडाधड बोलत होता. या प्रश्नाला थांबला. मग म्हणाला, नाही, वडिलांना वाटतं मी त्या वेळेला अभ्यासिकेत असतो, टीव्हीवाले आले म्हणून मी तोंडाला रुमाल बांधून बसलो होतो. मग परत थांबला, आणि म्हणाला, पण त्यांनी मला रुमालावरनं ओळखलं, तो त्यांचाच होता. मागे मेसच्या मावशी "अजून भात पाहिजे का रे" विचारत होत्या ते पण त्यात आलंय. एपिसोड तिथेच झाला होता, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला लावायचं राहिलं.

तर असे प्रश्न. घरी सांगितलं का. त्या दिवशी जेवलात कुठे. तुमच्या शेजारी कोण बसलं होतं, त्याचं नाव माहितीये का. पहिल्यांदा घोषणा दिली तेव्हा आवाज निघाला का. परत आल्यावर रूममेट काय म्हणाला. जायचं नाही असं कधी ठरवलं होतं का, का? उत्तर आल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, मनात पाच आकडे मोजा, समोरचा स्वतःच पुढे बोलतो, आणि खरं ते बहुतेक वेळा त्या पाच आकड्यांनंतरच येतं.

मागणी बरोबर का चूक हे विचारू नका, त्याचं उत्तर तुम्हाला लावता येणार नाहीये.

कापाकापी

ऑडॅसिटी हे आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, तेच वापरा, शिकायला एक दुपार लागते. तासाभराच्या रेकॉर्डिंगमधून दोन-अडीच मिनिटं निघतात, तेवढीच निघाली पाहिजेत. पंधरा मिनिटांच्या एपिसोडला चार आवाज पुरे, पाचवा घेतलात की ऐकणारा गोंधळतो.

कापताना अर्थ बदलतो तो असा. समजा कुणी म्हणालं: "पोलिसांनी आम्हाला तिथनं हुसकावलं, धक्के मारले, पण त्यातल्याच एकाने मला नंतर पाणी दिलं, त्याची पोरगी पण एमपीएससी करतेय म्हणाला." वेळ कमी आहे म्हणून "धक्के मारले"वर कापलंत तर ते खोटं झालं. नुसतं पाणी ठेवलंत तर तेही खोटंच. एकतर पूर्ण ठेवा नाहीतर पूर्ण काढा. वाक्यांची अदलाबदल करून नवीन वाक्य बनवायचं नाही, कितीही मस्त बसत असलं तरी. खोकला, "म्हणजे म्हणजे", मधली गाडी हे काढा, पण सगळे "अं" काढू नका, विचार करतोय ते ऐकू आलं पाहिजे.

काय काढायचंच: पक्षांची नावं, पुढाऱ्यांची नावं, कुठल्याही व्यक्तीवर नाव घेऊन केलेला आरोप, जातीधर्मावरनं केलेली टिप्पणी, शिव्या. घोषणांमध्ये हे सगळं लपलेलं असतं, म्हणून बॅकग्राउंडला लावलेल्या घोषणा पण शब्द न् शब्द ऐका, खाली हळू लावलंय म्हणून चालून जातं असं नाही. आकडे आले की थांबा. "लाखो मुलं रस्त्यावर होती" असं कुणी म्हणालं तर ते काढा. परीक्षेच्या तारखा, वयोमर्यादा, फी हे आयोगाच्या साइटवर बघून निवेदनात तुमच्या तोंडून द्या, म्हणजे बोलणाऱ्याची तारीख चुकली तरी एपिसोड चुकत नाही.

संगीत. सिनेमातलं गाणं लावू नका, हक्कांची भानगड आहे. होस्टेलवर हलगी वाजवणारा, डफावर पोवाडा म्हणणारा कुणीतरी असतोच, त्याच्याकडून दोन मिनिटं करून घ्या. आणि दुःखाच्या जागी बासरी लावायचा मोह आवरा, ते फार झालंय.

कमिटीसमोर

प्रत्येक स्टेशनला सल्लागार आणि कार्यक्रम समिती असते. तिथे एपिसोड बनवून घेऊन जाऊ नका, आधी एक पान घेऊन जा. त्यात लिहा: विषय काय (आंदोलन हा शब्द लपवू नका, नंतर कळलं तर विश्वास जातो), कुणाकुणाचे आवाज, काय काय नसणार (पक्ष, मागणीवर मत, कुणावर आरोप, त्या दिवशीचा वृत्तांत), परवानगी कशी घेणार, आणि ऐकून कुणाला काय उपयोग. हे शेवटचं नीट लिहा. शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, समाजविकास यांवर भर द्या असं सरकारच म्हणतं, मग स्पर्धा परीक्षेच्या तणावावरचा एपिसोड त्यात सरळ बसतो. एपिसोडच्या शेवटी टेलिमानस १४४१६ हा मानसिक आरोग्याचा सरकारी हेल्पलाइन नंबर द्या, तो चोवीस तास चालू असतो. कमिटी खूश व्हावी म्हणून नाही, ऐकणाऱ्यांत खरंच कुणाला तरी तो लागेल.

समितीतल्या सरांनी एखादा भाग काढायला सांगितला तर "का" विचारा, शांतपणे. नियमात बसत नाही म्हणाले तर कुठला नियम ते बघा, आणि खरंच बसत नसेल तर काढा. "उगाच कशाला" म्हणाले तर तो नियम नाही, तिथे थोडं ताणायचं. ताणूनही नाही झालं तर तेवढा भाग सोडून बाकीचा एपिसोड वाचवा. आणि तोच भाग मग स्वतःच्या पॉडकास्टवर टाकू का, असं मला दर वेळी कुणीतरी विचारतं. बोलणाऱ्याने परवानगी रेडिओसाठी दिलीये, त्याला परत विचारा, तो हो म्हणाला आणि स्टेशनची हरकत नसेल तर टाका, पण स्टेशनचं नाव लावून नाही.

लागल्यावर

शंभर वॅट म्हणजे तसंही फार लांब जात नाही, टेकडीच्या आड गेलं की खरखर. वर आता बऱ्याच फोनमध्ये एफएमच नसतं, असलं तरी वायरवाला हेडफोन लावल्याशिवाय चालत नाही. त्यामुळे "रेडिओवर लागलं" म्हणजे लोकांनी ऐकलं असं धरू नका. मेसमध्ये जेवणाच्या वेळेला स्पीकरवर लावायला सांगा, मेसवाले काका शक्यतो नाही म्हणत नाहीत. अभ्यासिकेत नको, तिथे मार खाल. वेळ रात्री साडेआठ-नऊची मागा, संध्याकाळी सहाला तुमचे सगळे श्रोते पुस्तकात डोकं घालून असतात.

ज्यांचे आवाज आहेत त्यांना आदल्या दिवशी मेसेज करा, फाइल पण पाठवा, आणि ज्याने नाव नको म्हटलंय त्याला ग्रुपवर नको, एकट्यालाच पाठवा. शेवटी स्टेशनचा फोन नंबर दोनदा सांगा, सावकाश, आणि पुनःप्रसारण कधी आहे ते पण. व्हॉइस मेसेज येतात, बरेचसे शिव्याच असतात, पण एखादा "मी पण त्या दिवशी तिथेच होतो, मला पण बोलायचंय" असा येतो. त्याला दुसऱ्याच दिवशी परत फोन करा, आठवड्याने केलात तर तो उचलत नाही.